बेस गिटारचा अँप चालू होतोय पण आवाज नीट नाही, सांगली-मिरजेत कोण बघेल का?

बेसवाला_सांगली: लाइट लागते पण आवाज मधेच खर्रर्र करून येतो नि जातो, केबल बदलून झाली. दुकानात न उघडताच नवीन घ्या म्हणाले.

खर्ज: बहुतेक जॅकच, म्हणजे केबल घालायचं भोक. मागं सेंड-रिटर्न (इफेक्ट पेडल जोडायचे दोन जॅक) असेल तर एक छोटी केबल दोन्हीत घालून बघ, आवाज आला की समजायचं रिटर्नचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग आतबाहेर कर.

कृष्णाकाठ: मिरजेत सतारवाले ढीगभर, अँपवाला शोधावा लागतो 😄 डीजेवाल्यांचे अँप करणारा गाठ. आधी स्पीकरची वायर काढून मल्टिमीटर लाव, ८ ओहमचा असेल तर ६-७ दाखवतो, काहीच नाही दाखवलं तर कॉइल गेली.

खर्ज: आतला बोर्ड उघडू नको भावा, प्लग काढला तरी मोठे कपॅसिटर चार्ज धरून असतात.

बेसवाला_सांगली: केबल घातली, वाजला की!! क्लीनर कुठं मिळंल?

कृष्णाकाठ: कुठल्यापण इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात.