विषय: सायकल गटाचे फॉर्म – पत्ता कुठला लिहायचा?

बापू (सध्या गुहागर):
मंडळी, इथल्या सायकल गटाच्या सभासदत्वाचे फॉर्म शुक्रवारपर्यंत हवेत. सोमवारी हायस्कुलाच्या रस्त्याबद्दलचं निवेदन जाणार आहे आणि त्याला सभासदांची यादी जोडायची आहे. परदेशातून सुट्टीला आलेल्यांपैकी नऊ जणांनी हो म्हटलंय, हातात आलेत चार. बाकीच्यांचं 'कायमचा पत्ता' या रकान्यावर अडलंय. एकाने ॲमस्टरडॅमचा लिहिलाय, एकाने गावचा, एकाने दोन्ही. कृपया एकदा ठरवूया.

नाना:
बापू, आधी मूळ मुद्दा. दोन वर्षांपूर्वी दापोली ते गणपतीपुळे सफर आपल्या तिकडच्या मंडळानेच केली. दाभोळची फेरी, हेदवीचा मुक्काम, तवसाळहून जयगड, सगळं मी आणि वहिनींनी बघितलं. तेव्हा कुठल्या गटाचं सभासदत्व लागलं नव्हतं. वर्षाचे वीस दिवस येणाऱ्यांनी इथल्या रस्त्याच्या निवेदनावर सही करावी, हे मला पटत नाही. गावात राहणाऱ्यांनी ठरवावं.

वहिनी (खजिनदार):
फी ज्याची त्याने भरायची. मंडळाच्या खात्यातून निघणार नाही, घटनेत तशी तरतूद नाही. हे आत्ताच सांगून ठेवते.

बापू:
वहिनी, मान्य. फी खिशातूनच.
नाना, तुमच्या त्या सफरीमुळेच मी पुन्हा सायकलवर बसलो, ते विसरलो नाही. पण सफर आठ दिवसांची होती. आमच्या गावापासून हायस्कुलापर्यंतच्या रस्त्यावर मुलं रोज जातात. साइडपट्टी जांभ्याच्या मातीची. जूनच्या पहिल्या दोन सरींत डांबराच्या कडेची माती वाहून जाते आणि वीतभर पायरी तयार होते. तिच्यावर टाकळा आणि गवत माजलं की ती दिसतही नाही. समोरून एसटी आली की मूल डावीकडे घेतं, पुढचं चाक पायरीवरून खाली जातं आणि हँडल हातातून सुटतं. माझ्या भाचीचं मनगट असंच मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, चाचणी परीक्षा बुडाली.

मी एकट्याने दोन अर्ज केले. एका कार्यालयात सांगितलं रस्ता आमचा नाही, दुसऱ्या कार्यालयातही तेच. मग गटातल्या एका निवृत्त ओव्हरसियर काकांना घेऊन गेलो. त्यांनी मैलाचा दगड बघितला. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. आमचं केशरी, म्हणजे ग्रामसडक योजनेतला रस्ता. त्या कामात ठेकेदाराकडे पाच वर्षांची देखभाल असते. वळणावर वेलीखाली फलक होता, वेल बाजूला केली तर देखभालीची मुदत लिहिलेली. आठ महिने उरलेत. मी त्या फलकासमोरून चाळीस वर्षं नाही तरी चार वर्षं नक्की गेलोय, कधी वाचला नव्हता. गटात गेल्याचा मला झालेला फायदा हा. कुठल्या टेबलावर, कोणत्या कागदावर, कधीपर्यंत, हे माहीत असलेली माणसं तिथे भेटली.

ताई (उट्रेख्त, नेदरलँड्स):
नानांना उत्तर. मी इथे आले तेव्हा डच येत नव्हतं, मतदानाचा हक्क नव्हता, तरी इथल्या सायकलवाल्यांच्या संघटनेची, फीत्सर्सबॉन्डची, सभासद झाले. कोणी पासपोर्ट विचारला नाही. आमच्या चौकातला सिग्नल सायकलला फार वेळ थांबवायचा. दर मंगळवारी चौघी-पाच जण मिळून वेळ लावून नोंद करायचो, मग नगरपालिकेला पत्र. माझं डच त्या मंगळवारांनी सुधारलं, वर्गाने नाही. इथले सायकलचे लाल ट्रॅक आधीपासूनचे नाहीत. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यावरच्या अपघातांत ३,००० च्या वर माणसं दगावली, त्यात ४०० हून जास्त मुलं. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले, १९७५ मध्ये ही संघटना झाली. ते सगळे साधे शेजारीपाजारीच होते.

अण्णा (मालवण):
ताई, तुमचा मंगळवार वाचून वडील आठवले. पाववाले. पहाटे चारला भट्टीवरून पाव घ्यायचे, कॅरिअरला टोपली, हँडलला भोंगा. टोपलीवरचं मेणकापड सुतळीने तीन ठिकाणी बांधायचे, दोन ठिकाणी बांधलं की उतारावर उडतं. एकदा मोरीजवळ पडले तर पाव चिखलात आणि त्या दिवसाची कमाई गेली. त्यांच्या बाजूने कोणी कधी अर्ज केला नाही, त्यांनाही ते सुचलं नाही. आता आमच्याकडे सकाळी येणारा पाववाला गटात आहे. कुठला खड्डा कधी पडला, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. तो सभेत एकच विचारतो, "रस्तो कोणाचो?"

नाना:
अण्णा, तुमचे वडील आमच्या आळीतही यायचे. भोंगा ऐकला की आई पैसे हातात द्यायची.
पण बापू, वीस दिवसांचं काय? निवेदन देऊन आपण विमानात बसणार. मागे धावायचं कोणी?

बापू:
नाना, हा प्रश्न रास्त आहे. मागे धावणारे इथलेच अकरा जण आहेत. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत, तो ओव्हरसियर काका टाकतील. आपल्याकडून त्यांना दोनच गोष्टी हव्यात: यादीत नावं आणि पावसाळ्यानंतरची मोजमापं नीट टाइप करून. दुसरं काम तिकडे बसूनही होतं. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेला तुमची आई असतेच.

वहिनी:
पत्त्याचं अजून ठरलं नाही.

बापू:
काल गटाशी बोललो. ज्यांचं गावात घर आहे त्यांनी घर क्रमांकासह गावचा पत्ता लिहावा, ते सभासद. बाकीचे 'हितचिंतक', त्यांची यादी वेगळी, निवेदनाला जोडायची नाही. म्हणजे उद्या कोणी "ही बाहेरची माणसं" म्हणू शकणार नाही. दोन्ही पत्ते लिहिणाऱ्याने परदेशातला खोडून शेजारी सही करावी.

नाना:
हे चालेल. माझा फॉर्म आईच्या पत्त्यावर. निवेदनात मंडळाचं नाव मात्र नको, ते कार्यकारिणीत आलेलं नाही.

बापू:
नाही घालत. रविवारी सकाळी सातला हायस्कुलाच्या फाटकाशी जमतोय, पायरीची खोली दर पन्नास मीटरवर मोजायची आहे. लांब टेप गटाकडे आहे. सुताराची लाकडी फूटपट्टी कोणाकडे असेल तर आणा, गवतात टेप सरळ उभी राहत नाही.

नाना:
आमच्या माळ्यावर आहे. आणतो.