माणिक वर्मांची मुलगी आणि वागळ्यांची राधिका: भारती आचरेकरांचं गाणं वाया गेलं का?

मंद्रसप्तक:
परवा घरी गप्पांत कोणीतरी सहज बोलून गेलं, "भारती आचरेकर ना, माणिक वर्मांची मुलगी असून मालिकांत वाया गेली, गायला हवं होतं तिनं." मला हे लागलंच मनाला. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितेय.

आई माणिक वर्मा. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे किराणा घराण्याची तालीम, शिवाय जगन्नाथबुवा पुरोहितांचं मार्गदर्शन, ख्याल ठुमरी भावगीत सगळ्यात सारखा दबदबा, 1974 ला पद्मश्री. गीतरामायण 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालं त्यातही त्यांचा आवाज आहे. त्या घरात चार मुली, त्यांतली राणी वर्मा गाण्यात, वंदना गुप्ते आणि भारतीताई अभिनयात. आता गंमत बघा, भारतीताईंची सुरुवातही संगीत नाटकातूनच झाली, 'धन्य ते गायनी कळा', संगीत भीमसेन जोशींचं! म्हणजे गाता येत नव्हतं म्हणून अभिनयाकडे वळल्या असं तर नक्कीच नाही.

माझं म्हणणं एवढंच की गाणं कुठे गेलं नाही, ते बोलण्यात उतरलं. 'द लंचबॉक्स' (2013) आठवा. त्यातली भारतीताईंची देशपांडे आंटी पूर्ण सिनेमाभर एकदाही दिसत नाही. वरच्या मजल्याच्या खिडकीतून नुसता आवाज, आणि दोरीला बांधलेली टोपली खाली येते. पण ती बाई जाड की बारीक, दमलीये की खुशीत, नवरा वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून छताच्या पंख्याकडे बघत बसलाय ते सांगताना तिच्या घशाशी काय येतंय, सगळं आपल्याला *दिसतं*. रडका सूर कुठेही लावलेला नाही, भाजीत मीठ किती घालायचं सांगावं तसं सांगते आणि म्हणूनच ते ऐकवत नाही. हे सुराचा कान असल्याशिवाय कोणी करून दाखवावं.

विंगेतून:
लंचबॉक्सबद्दल वाद नाही, पण तुम्ही एका सिनेमावरून अख्खं करिअर तोलताय. माझी तक्रार गाण्याची नाहीच, माझी तक्रार टीव्हीची आहे. विजया मेहतांनी बसवलेल्या 'हमिदाबाईची कोठी'मध्ये जी नटी उभी राहिली, तिला नंतर छोट्या पडद्यानं काय दिलं? बायको, आई, सासू, शेजारीण. मी मालिकांच्या सेटवर सात वर्षं काम केलंय, तिथे काय चालतं मला माहितीये. बारा बारा तासांची शिफ्ट, आजचा सीन आजच हातात येतो, एपिसोडची बँक (आधी शूट करून ठेवलेले भाग) संपलेली असली की नटाला पाठांतराला वेळ नाही, मग एकेक वाक्य प्रॉम्प्ट करून घ्यायचं आणि चेहऱ्यावर तीनदा झूम मारायचा. अशा ठिकाणी मोठा नट झिजतो. सूर लावायला शांतता लागते हो.

जुनं_दूरदर्शन:
विंगेतून, तुम्ही आजच्या डेली सोपचं माप 1988 च्या दूरदर्शनला लावताय. 'वागळे की दुनिया' आठवड्यातून एकदा यायची, आर के लक्ष्मण यांची पात्रं आणि दिग्दर्शक कुंदन शाह. तिथे घाईचं काम नव्हतं.

माझी आजी तेव्हा मोतीबिंदूमुळे जवळजवळ आंधळी होती. तिला टीव्हीसमोर बसवायचो, ती भिंतीला टेकून डोळे मिटून मालिका *ऐकायची*. हिंदी तिला निम्मंच कळायचं. तरी भारतीताईंची राधिका वागळे बोलायला लागली की म्हणायची "आली बाई ही, आता त्याला गप्प करते बघ". अंजन श्रीवास्तवांचा वागळे तक्रार करत असायचा आणि राधिका मध्ये नुसतं "अहो" म्हणायची, त्या एका "अहो"वरून आजीला कळायचं आज बाईचा पारा चढलाय की लाड चाललाय. आजी गेल्यावर मला ते जास्त जाणवलं. मंद्रसप्तक म्हणतायत त्याचा पुरावा माझ्या घरात होता.

ठुमरीवेडा:
मी दोघांनाही विरोध करणार. "गाणं बोलण्यात उतरलं" हे ऐकायला छान वाटतं पण गाणं ते गाणं. बोलण्यातला सूर कितीही चांगला असला तरी त्यातून बंदिश पुढच्या पिढीकडे जात नाही. माणिकताईंची ठुमरी ज्यांनी ऐकलीये त्यांना विचारा, तो लगाव, ते शब्दाला गोंजारणं आता कुठे आहे? 1996 ला त्या गेल्या. घरात एवढा मोठा साठा असताना मुलगी रोज मैफिलीत बसली असती तर त्यातलं किती टिकलं असतं! हा राग भारतीताईंवर नाहीये, हळहळ आहे.

मंद्रसप्तक:
ठुमरीवेडा, हळहळ समजते, खरंच. पण आईचं ओझं मुलीनं का वाहायचं? मी स्वतः गाण्याच्या घरातली आहे (नाव मोठं नाही आमचं), आणि पाचवीत असल्यापासून "आईसारखा गळा नाही गं" हे पाहुण्यांसमोर ऐकलंय. गायला बसलं की समोरचा तुमच्यात आईला शोधत असतो. नाटकात तसं होत नाही, तिथे तुम्ही तुमचे असता. माणिक वर्मांची मुलगी म्हणून गायला बसणं किती अवघड असेल याचा विचार "वाया गेली" म्हणणारे करत नाहीत. शिवाय तेव्हा संगीत नाटकांचे प्रयोग तरी किती उरले होते, गाणाऱ्या नटीनं जायचं कुठे?

नवखी_प्रेक्षक:
मला जुनं काही माहीत नाही, मी त्यांना 'सुमित संभाल लेगा'मध्ये (2015) पाहिलं, नमित दासची आई. घरात घुसून लुडबूड करणारी आई इतकी खरी की माझी आई माझ्याकडे बघून हसायला लागली. आणि नमित दास म्हणजे गझलवाले चंदन दास यांचा मुलगा, म्हणजे पडद्यावरचे आई आणि मुलगा दोघंही गाणाऱ्या घरातले! त्यांचे एकमेकांची वाक्यं तोडत बोलायचे सीन परत बघा, समेवर आल्यासारखे बरोब्बर येतात.

विंगेतून:
हे मला माहीत नव्हतं, बघतो. पण मूळ मुद्दा सोडणार नाही. 2021 ला 'वागळे की दुनिया' परत आली तेव्हा 33 वर्षांनी त्याच बाईला तीच राधिका, आता आजी म्हणून. लोक भावुक झाले, मीही झालो. पण मधल्या काळात त्यांच्या ताकदीची मध्यवर्ती भूमिका कोणी लिहिली का? चाळिशीनंतर नटीला टीव्हीवर कथा मिळत नाही, ट्रॅक (छोटं उपकथानक) मिळतो, आणि तो टीआरपी घसरला की गुंडाळतात.

मंद्रसप्तक:
इथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण मग "टीव्हीनं त्यांना द्यायला हवं ते दिलं नाही" असं म्हणा ना. "त्या वाया गेल्या" म्हटलं की दोष बाईवर येतो.

ठुमरीवेडा:
खरंय, "वाया" हा शब्द चुकीचा. हळहळ मात्र ठेवतो. भारतीताईंनी आईच्या ठुमऱ्यांवर बोलत, मधेच एखादी ओळ गुणगुणत तासभर रेकॉर्डिंग दिलं तर मी त्यासाठी कुठेही यायला तयार आहे.

जुनं_दूरदर्शन:
मीही येतो. आणि कोणाकडे 88 च्या भागांची स्वच्छ आवाजाची प्रिंट असेल तर सांगा, माझ्याकडच्या कॅसेटला बुरशी आलीये.