साक्षरता दिनाचा फलक

सचिव : ८ सप्टेंबरच्या आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनानिमित्त सोसायटीच्या प्रवेशद्वारावर जनजागृतीचा फलक लावावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. सभासदांनी आपले मत कळवावे.

ब-३०२ : तो फलक वाचणार कोण? टाकी धुण्यासाठी पाणी बंद राहणार असल्याची सूचना लिफ्टमध्ये दोन दिवस आधी लागलेली असूनही आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी सोमवारी दुसरे काम सोडून लवकर आल्या आणि फेरी फुकट गेली, कारण ती सूचना त्यांना वाचता आली नाही आणि आपल्यापैकी कोणी ती तोंडी सांगितली नाही. न सांगणाऱ्यांत मीही आहे.

अ-१०१ : शिक्षक म्हणून निवृत्त झालो असल्याने थोडे सविस्तर लिहितो. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. एकेकट्या माणसाला नव्हे, तर सबंध गावाला साक्षर करायचे, हे तिचे वैशिष्ट्य होते आणि त्यासाठी तिला १९७२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. मात्र वर्ग संपल्यावर हाती वाचायला काही न उरल्याने अनेकांची शिकलेली अक्षरे पुसली गेली. म्हणून फलकाऐवजी आपण मावशींसारख्यांसाठी वर्ग काढलाच, तर सही गिरवून घेण्यावर थांबू नये. बसची पाटी, औषधाच्या पाकिटावरची मुदत, बँकेचे पासबुक आणि हो, लिफ्टमधली सूचना, हेच पाठ्यपुस्तक धरावे.

क-६०४ : वर्ग सोसायटीच्या कार्यालयात भरणार असेल, तर विजेचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा, हेही ठरावे.

अ-१०१ : एक पंखा आणि दोन दिवे. ते बिल माझ्याकडे पाठवावे.

ब-३०२ : केंद्र सरकारचा ‘उल्लास’ कार्यक्रम १५ वर्षांवरील निरक्षरांसाठीच आहे. त्यात स्वयंसेवक विनामोबदला शिकवतात आणि वाचन, लेखन व संख्याज्ञान अशी प्रत्येकी ५० गुणांची चाचणी उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळते. जवळच्या शाळेत नोंदणीची चौकशी मी करते.

अ-५०३ : वेळ मात्र आपण परस्पर ठरवू नये. संध्याकाळी सातचा वर्ग आपल्या सोयीचा आहे. त्या वेळी मावशींच्या घरी चूल पेटायची असते. मी त्यांना विचारले, तेव्हा सकाळची कामे दोनला आटोपतात आणि पुढची चारला सुरू होतात, म्हणून अडीचची वेळ बरी, असे त्या म्हणाल्या. धाकट्या नातीला सोबत आणले तर चालेल का, असेही त्यांनी विचारले आहे.

सचिव : चालेल. फलकाचा विषय मागे घेत आहे. सोमवारपासून कार्यालयाची किल्ली दुपारी सव्वादोनला वॉचमनकडे मिळेल.