पहाटे साडेचारचा पंप

*ए-००२ देशपांडे:* आज परत ४:२५ ला पंप. दादांची बायपास होऊन जेमतेम दोन महिने झालेत. भिंत थरथरते, दचकून उठतात. अजून किती वेळा लिहायचं?

*सेक्रेटरी:* वहिनी, त्रास समजतो. पण सहाला लावला तर वरच्या मजल्यांची स्कूलबस, ऑफिस सगळं खोळंबतं. सहकार्य करावे 🙏

*बी-३०१ गोखले:* पंपाखाली रबरी पॅड टाकायचं ठरलं होतं. त्याचं काय?

*ए-७०४ शहा:* साधा हिशेब बघा. ४७ घरं, प्रत्येकी २० मिनिटं उशीर. रोजचे साडेपंधरा तासांहून जास्त! समोर एका घराची झोप.

*ए-००२ देशपांडे:* ते साडेपंधरा तास भोगतं कोण, शहाभाई? तुमच्या वाट्याला वीसच मिनिटं ना?

*बी-६०२ लेले सर:* १९७७ साली अमेरिकेतले तत्त्वज्ञ जॉन टॉरेक यांनी हेच मांडलं. पाच जणांचं डोकं दुखलं म्हणून कोणा एकाचं पाचपट दुखत नाही. बेरीज कागदावरच. ते तर म्हणाले, औषध एकाला द्यायचं की पाचांना, यासाठी नाणं उडवा.

*ए-४०३ मिलिंद:* नाण्याला आधी खजिनदारांची मंजुरी घ्या 😂

*बी-५०१ ऋतुजा:* म्हणजे आम्ही ४७ घरं शून्य का सर?

*बी-६०२ लेले सर:* नाही. पाच जीव विरुद्ध एक जीव असता तर मी पाचच म्हणेन, तिथे टॉरेक पटत नाहीत. पण इथे एकीकडे हृदय, दुसरीकडे उशिरा अंघोळ. हजार उशिरा अंघोळींचा एक हार्ट अटॅक होत नाही.

*ए-७०४ शहा:* सगळेच अंघोळवाले नाहीत, सर. आमच्या मजल्यावरचे काका सहाला डायलिसिसला निघतात. त्यांना कुठे धरलंत?

*बी-६०२ लेले सर:* हे मात्र धरायला हवं.

*बी-३०१ गोखले:* रबरी पॅड. तिसऱ्यांदा लिहितोय.

*ए-००२ देशपांडे:* २००० च्या ध्वनी नियमांत रात्र सकाळी ६ पर्यंत आहे, मर्यादा ४५ डेसिबल. तक्रार करायची वेळ आणू नका.

*ए-४०३ मिलिंद:* मग गच्चीवरच्या बर्थडेचंही मोजा 🙃

*बी-५०१ ऋतुजा:* टोमणे नकोत. परवानगी घेतली होती.

*सेक्रेटरी:* पॅडचं कोटेशन मागवतो. खर्च फक्त ज्यांना त्रास होतो त्यांनी द्यावा, अशी एक सूचना आली आहे.

*ए-००२ देशपांडे:* कोणाची? तळमजल्यावर राहून लिफ्टचे पैसे आम्ही सगळ्यांइतकेच भरतो. तेव्हा उपविधी दाखवलेत.

*ए-७०४ शहा:* लिफ्टचा विषय वेगळा आहे.

*बी-३०१ गोखले:* कसा वेगळा?