पुस्तक राहतंच बाजूला? नाही राहत
घरी काही गोड करायचं म्हटलं की सुट्टी ओट्यापाशीच संपते, पुस्तक राहतं बाजूला, असं बऱ्याच जणी म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. कुकीजचं पीठ सवडीने आधीच मळून, गोळे करून ट्रेमध्ये फ्रीझरला टाकायचे, कडक झाले की डब्यात भरायचे आणि सुट्टीच्या दिवशी थेट ओव्हनमध्ये, नेहमीपेक्षा दोनेक मिनिटं जास्त लागतात एवढंच. उलट गार पिठातलं बटर उशिरा वितळतं त्यामुळे कुकीज फार पसरत नाहीत, मध्ये मस्त जाडसर राहतात. मी पोरं शाळेत गेली की चारच भाजते (सगळ्या भाजल्या तर संध्याकाळी वाटण्यांवरून भांडणं) आणि पुस्तक घेऊन लोळते. पानांवर बटरचे डाग पडतात, पडू देत, लायब्ररीचं असेल तर मात्र आधी खाऊन हात धुवा.