लेकीला यूसीएलएत चिकाना स्टडीज घ्यायचंय. हे प्रकरण नक्की काय?

अर्वाइनची_आई
नमस्कार मंडळी. लेक यूसीएलएत, म्हणजे लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, दुसऱ्या वर्षाला आहे, बायोलॉजीला. पुढे मेडिकल, हे ठरलेलं. परवा फोनवर म्हणाली, "आई, मी चिकाना-चिकानो स्टडीजचा डबल मेजर करतेय." म्हणजे बायोलॉजीच्या जोडीला दुसरा मुख्य विषय, आणि तो अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांचा (चिकानो पुरुष, चिकाना बाई) अभ्यास, एवढं मला कळलं. पण त्याचं अख्खं डिपार्टमेंट कसं काय झालं? आणि मेडिकलच्या अर्जाचं काय? घरातून उत्तर आलं, "लक्ष देऊ नकोस, उतरेल खूळ." मला आधी समजून घ्यायचंय.

सनीव्हेलकर
फी तुम्ही भरणार आणि ती मोर्चे काढायला शिकणार. मायनरवर, म्हणजे छोट्या जोडविषयावर भागवा.

गणिताच्या_बाई
सनीव्हेलकर, मोर्चे निघाले म्हणूनच तो विषय आहे, तेव्हा तक्रार चुकीच्या जागी आहे.

ताई, मी ईस्ट लॉस एंजेलिसजवळ सरकारी हायस्कूलमध्ये शिकवते. वर्गातली बहुतेक पोरं मेक्सिकन घरांतली. हा इतिहास मला स्टाफरूममध्येच कळला, कारण तो सुरू झाला तोच शाळांत. मार्च १९६८ मध्ये गारफिल्ड, रूझवेल्ट, लिंकन अशा शाळांतली हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. तक्रारी काय होत्या? स्पॅनिश बोललं की शिक्षा, जेवणाच्या सुट्टीत बाथरूमना कुलूप, आणि हुशार पोरालाही सल्ला मिळायचा की कॉलेज सोड, हातकाम शिक. लिंकनचे शिक्षक साल कास्त्रो मुलांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्यासह तेरा जणांवर कटाचा गुन्हा दाखल झाला. मास्तरांना वर्गातून काढलं, तेव्हा लोकांनी स्कूल बोर्डाच्या सभागृहात ठिय्या दिला आणि त्यांना परत घ्यायला लावलं. अजूनही हे सांगताना माझ्या अंगावर काटा येतो, असो.

त्याच वर्षी कॅल स्टेट (कॅलिफोर्नियाची दुसरी सरकारी युनिव्हर्सिटी) च्या लॉस एंजेलिस कॅम्पसमध्ये हा विषय सुरू झाला. एप्रिल १९६९ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापक सांता बार्बराला जमले आणि युनिव्हर्सिटीत हे सगळं कसं उभं करायचं याचा आराखडाच लिहून काढला. कॅल स्टेटच्याच नॉर्थरिज कॅम्पसला प्राध्यापक रोडोल्फो अकुन्यांनी विभाग काढला तोही १९६९ मध्येच.

यूसीएलएत मात्र घोडं अडलं. १९६९ ला संशोधन केंद्र मिळालं, १९७३ ला पदवीचा प्रोग्रॅम. प्रोग्रॅम आणि डिपार्टमेंट यांत मेख आहे, ती घरीही सांगा. डिपार्टमेंट स्वतःचे प्राध्यापक नेमतं. प्रोग्रॅमला ते इतिहास, समाजशास्त्र अशा विभागांकडून मागून आणावे लागतात. शेजाऱ्यांच्या भांड्यांवर पंगत उठवायची, आणि त्यांना गरज पडली की भांडी परत. नव्वदच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाची तिजोरी रिकामी झाली आणि नेमकं तेच होऊ लागलं.

शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ २३ एप्रिल १९९३ ला वारले. अंत्ययात्रेच्या आदल्या दिवशी यूसीएलएचे प्रमुख, चान्सलर चार्ल्स यंग यांनी जाहीर केलं की डिपार्टमेंट होणार नाही. मुहूर्त बघा! मे महिन्यात निदर्शनं आणि धरपकड झाली, मग २५ मेपासून काही विद्यार्थी कॅम्पसवरच उपोषणाला बसले. त्यांच्याबरोबर वैद्यकीय शाखेतले एक प्राध्यापक होते, होर्हे मान्सियास. तुमच्या लेकीला हे नाव जरूर सांगा. चौदाव्या दिवशी, ७ जूनला, समझोता झाला. डिपार्टमेंट नाहीच दिलं, चावेझांच्या नावाचं सेंटर दिलं. पण त्या सेंटरला स्वतःचे प्राध्यापक नेमायची मुभा मिळाली, आणि माझ्या मते खरी कमाई तीच. डिपार्टमेंटचा दर्जा यायला २००५ उजाडलं, पीएचडी २०१२ मध्ये आली.

सनीव्हेलकर
एवढं सगळं झालं, पण शेवटी आपलेच लोक आपल्याच लोकांबद्दल शिकवणार. त्यात टीका कुठे असते?

गणिताच्या_बाई
भरपूर असते, आणि ती बायकांनी आधी केली. ॲना निएतो-गोमेझ सत्तरच्या दशकात नॉर्थरिजच्या याच विभागात शिकवायच्या. चळवळीतल्या पुरुषांना आरसा दाखवायच्या. १९७६ मध्ये त्यांना कायम केलं नाही. बाहेरच्यांशी भांडून मिळवलेल्या विभागात हे घडलं. १९८२ मध्ये चिकाना अभ्यासक बायकांनी आपली वेगळी संघटना काढली ती उगीच नाही. डिपार्टमेंटच्या पाटीवर 'चिकाना' आधी येतं, त्यामागे ही सगळी भांडणं आहेत.

लाँगबीच_बाबा
आमच्या चिरंजीवांना कॅल स्टेटमध्ये असा एक कोर्स घ्यावाच लागला. २०२० च्या कायद्याने तिथे एथ्निक स्टडीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक समूहांच्या अभ्यासाचा, तीन युनिटचा कोर्स सक्तीचा आहे. चार समूहांपैकी कुठलाही निवडता येतो. त्याने एशियन अमेरिकन घेतला, आम्ही सुटलो. 😄

अर्वाइनची_आई
बाई, मनापासून आभार. मेडिकलचं तेवढं राहिलं. आणि ती स्पॅनिश शिकेल का?

गणिताच्या_बाई
मेडिकल स्कूल मेजर कुठला ते ठरवून देत नाहीत. केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्स हे ठरलेले कोर्स आणि एमकॅट ही प्रवेश परीक्षा लागतेच, ते कोर्स ती बायोलॉजीत करतेच आहे. अडचण वेळेची आहे. लॅबच्या तासांशी दुसऱ्या मेजरचं वेळापत्रक जुळतं का, ते दोन्हीकडच्या सल्लागारांना एकदमच विचारायला सांगा. एकाने हो म्हटलं की दुसरा अडवतो, असं माझ्या एका माजी विद्यार्थिनीचं झालं आणि तिचं एक क्वार्टर (सत्र) वाढलं.

स्पॅनिशचं म्हणाल तर या विषयाचे बरेच वर्ग इंग्रजीतच चालतात, भाषा तिला वेगळी घ्यावी लागेल. लॉस एंजेलिसमध्ये डॉक्टरकी करायची असेल तर घेऊच दे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना दवाखान्यात आईसाठी दुभाषा म्हणून जावं लागतं, त्या दिवशी गणिताची गैरहजेरी माझ्याकडे लागते.