नर जोमाने चढतो, तरीही माद्या उलटतात: दोष नेमका कशात असावा?

प्रश्न | सांगोल्याचा वराहपालक | 12 जुलै

माझ्याकडे मोठ्या पांढऱ्या यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या 14 माद्या आणि अडीच वर्षांचा एकच नर आहे. मार्चपर्यंत भरवलेल्या बहुतेक माद्या पहिल्याच वेळी गाभण राहत होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पिल्ले दुधावरून तोडल्यानंतर एकाच वेळी माजावर आलेल्या सात माद्या याच नराकडून भरवल्या आणि त्यांतील पाच माद्या 20 ते 22 दिवसांनी पुन्हा माजावर आल्या, म्हणजेच उलटल्या. नराच्या वागण्यात काहीही उणे नाही. मादी दिसताच त्याच्या तोंडाला फेस येतो, तो लगेच चढतो आणि खाणेही नेहमीसारखेच आहे. एक व्यापारी म्हणतो की नर निकामी झाला, वजनावर विकून टाका. पिल्लू असल्यापासून मी त्याला वाढवले आहे, त्यामुळे पुरते कळल्याशिवाय त्याला विकण्यास मन धजत नाही. दोष नराचा आहे की माद्यांचा, हे कसे ओळखावे?

उत्तर 1 | पशुवैद्यक, फलटण

आपण उलटण्याचे दिवस नोंदवून ठेवलेत, हे फार बरे झाले. सुमारे 21 दिवसांनी, म्हणजे नेमक्या चक्राने मादी उलटते तेव्हा बहुधा गर्भधारणाच झालेली नसते. 25 ते 38 दिवसांच्या दरम्यान उलटली तर गर्भ राहून नंतर गेला असण्याची शंका येते आणि मग संसर्गाचा शोध घ्यावा लागतो. आपल्या पाचही माद्या पहिल्या प्रकारात बसतात, म्हणून माझा पहिला संशय वीर्यावर आहे.

चढण्याची इच्छा आणि वीर्याची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पालकांची सर्वाधिक फसगत इथेच होते. डुकराला घामावाटे अंग थंड करता येत नाही आणि त्याचे वृषण शरीराला चिकटून असतात; त्यामुळे सांगोल्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली उभ्या असलेल्या नराच्या वृषणांना उष्णतेचा थेट फटका बसतो. शुक्राणू तयार होण्यास साधारण 39 दिवस आणि अधिवृषणातून (वृषणाला लागून असलेल्या वेटोळ्या नळीतून) पुढे सरकण्यास आणखी सुमारे 10 दिवस लागतात. म्हणूनच उन्हाचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. तो दोन आठवड्यांनी दिसू लागतो आणि पुढे पाच-सहा आठवडे टिकू शकतो. जूनमधील वीर्य हे मेमधल्या उन्हाचे वीर्य होते. शिवाय एका आठवड्यात सात माद्या हा एका नरावर फार मोठा भार आहे.

विकण्यापूर्वी वीर्य तपासून घ्या. नमुना घेण्याचा थर्मास आधी कोमट करून ठेवावा, तोंडावर गाळणीचे कापड बांधून साबुदाण्यासारखा घट्ट भाग वेगळा करावा आणि काचपट्टीही 37 अंशांपर्यंत गरम असावी. थंड काचेवर चांगले शुक्राणूही मेल्यासारखे दिसतात. एका वेळचे वीर्य साधारण 150 ते 300 मिलिलिटर भरते. त्यात किमान 70 टक्के शुक्राणू हालचाल करणारे असावेत आणि वाकड्या शेपटीचे किंवा अन्य दोषांचे शुक्राणू 20 टक्क्यांच्या आत असावेत. एका वाईट नमुन्यावरून नर बाद ठरवू नये. मात्र अलीकडे ताप आला असेल, वृषण सुजलेले किंवा लहान-मोठे दिसत असतील, तर ब्रुसेलोसिस या प्रजननसंस्थेच्या जिवाणूजन्य रोगाची रक्तचाचणी अवश्य करावी. हा रोग माणसालाही होतो, म्हणून हातमोजे वापरणे टाळू नये.

उत्तर 2 | वराहपालक, सांगे (गोवा)

तोपर्यंत माद्या रिकाम्या ठेवू नका, बाहेरून वीर्यमात्रा आणून कृत्रिम रेतन करा. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने या विषयावर काम केले आहे. माझी एक चूक मात्र तुम्ही करू नका. गाईचे वीर्य अतिशीत ठेवतात, म्हणून डुकराचेही थंडच हवे, असे समजून मी पहिल्या सहा बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि एकही मादी गाभण राहिली नाही. डुकराच्या शुक्राणूंचे आवरण 15 अंशांखालची थंडी सोसत नाही. ते 17 अंशांच्या आसपास ठेवावे लागते आणि बाटल्या दिवसातून दोनदा हळुवार उलट्या-सुलट्या कराव्या लागतात, नाहीतर शुक्राणू तळाशी बसतात.

मादीच्या पाठीवर दोन्ही हातांनी जोर दिल्यावर ती कान टवकारून जागीच उभी राहिली, की तिथून साधारण 12 तासांनी पहिले आणि 24 तासांनी दुसरे रेतन करावे. शेजारी नर उभा असला, तर हा ताठरपणा स्पष्ट दिसतो. तेवढ्यासाठी तरी तुमचा नर आज उपयोगी आहे.

प्रश्नकर्ता | 19 जुलै

दोघांचाही मनापासून आभारी आहे. परवा तालुक्याच्या दवाखान्यात नमुना तपासला. हलणारे शुक्राणू दहांत जेमतेम चार निघाले आणि गुंडाळलेल्या शेपट्या मलाही सूक्ष्मदर्शकातून ओळखता आल्या. रक्तचाचणीत दोष आढळला नाही. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच वीर्य काढून टाकण्यास आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तपासण्यास सांगितले आहे. उलटलेल्या पाच माद्यांसाठी वीर्यमात्रा मागवल्या आहेत. नराच्या खोलीच्या पत्र्यावर उसाचे पाचट टाकून घेतले असून फवाऱ्याची नळी पुढच्या फेब्रुवारीतच बसवणार आहे. व्यापाऱ्याला नकार कळवला आहे.